जुनी मोटार आणि अचौर्याची कसोटी

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. तोवर मोटार ही डॉक्टर, वकील, कारखानदार यांच्याच दारात शोभणारी वस्तू मानली जात असे. पुढे १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका, २००० मध्ये अल्टो अशा एकामागून एक छोट्या गाड्या आल्या आणि मागे उघडणाऱ्या आखूड डिकीची ही ‘हॅचबॅक’ मोटार मध्यमवर्गीय संसाराच्या आवाक्यात येऊन बसली. आज या घराण्यातील कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जात आहेत, आणि जुन्या छोट्या गाडीचा सौदा हा असंख्य कुटुंबांच्या आयुष्यातील मोठ्या व्यवहारांपैकी एक झाला आहे.

दक्षिण महाराष्ट्र आणि बेळगाव परिसरातील आपल्या समाजात शेतकरी, शिक्षक आणि लहान दुकानदार यांची संख्या मोठी आहे. अशा घरात मोटारीची गरज चैनीतून निर्माण होत नाही. वृद्ध आईवडिलांना तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागते. कुंभोजच्या बाहुबलीला किंवा स्तवनिधीला दर्शनास जायचे असते. चातुर्मासात मुनिसंघ शेजारच्या गावी असला की प्रवचनाची ओढ असते. दूरच्या गावाहून परतताना एस.टी. चुकली की सूर्यास्त वाटेतच होतो आणि अनस्तमीचा नियम पाळणाऱ्या घरातील माणसे त्या रात्री उपाशी निजतात. एका दुचाकीवर आईवडील आणि दोन लेकरे बसलेली पाहिली की काळजाचा ठोका चुकतो, तो वेगळाच.

अशा कुटुंबाने जुनी, लहान, स्वस्त मोटार घेणे हे सर्वार्थाने शहाणपणाचे आहे. परिग्रहपरिमाण व्रताचा आशय ‘काहीच ठेवू नये’ असा नसून ‘गरजेचे माप ठरवावे आणि त्या मापात राहावे’ असा आहे. कर्ज काढून दारात उभी केलेली मोठी गाडी ते माप मोडते. शिलकीच्या पैशातून घेतलेली छोटी गाडी बहुधा त्या मापात बसते. प्रश्न खरेदीचा नाही. ती खरेदी कशी होते, हा आहे.

जुन्या मोटारीच्या बाजाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. विकणाऱ्याला गाडीचा सारा इतिहास ठाऊक असतो. घेणाऱ्याला केवळ तिचा धुऊन-पुसून चकचकीत केलेला देह दिसतो. या अंतरातूनच फसवणूक जन्मते. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. चोराला उत्तेजन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलणे, मापात खोट करणे आणि चांगल्याच्या नावाखाली हिणकस वस्तू खपवणे, असा त्यांचा सामान्य अर्थ. मोटारीचा शोधही लागला नव्हता त्या काळची ही यादी आहे. पण जुन्या गाडीच्या बाजारात पाऊल ठेवणाऱ्याने हीच यादी हाती धरली तर बहुतेक सारे धोके तिच्यात सापडतात.

चोरी आणि चोरीचा माल

बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणारी गाडी पाहून आनंद होण्याआधी शंका आली पाहिजे. प्रत्येक मोटारीला सतरा अक्षरांकांचा चासी क्रमांक आणि स्वतंत्र इंजिन क्रमांक असतो. हे दोन्ही क्रमांक गाडीच्या धातूवर कोरलेले असतात. बॉनेट उघडून, बॅटरीच्या उजेडात, नोंदणीपत्रावरील अक्षरे एकेक करून ताडून पाहावीत. कोरीव भाग घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा ताज्या रंगाखाली झाकलेला दिसला तर तेथूनच मागे फिरावे. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, ती अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. शिवाय चोरीची गाडी सापडली की ती मूळ मालकाकडे जाते. घेणाऱ्याची पुंजी बुडते आणि पोलीस ठाण्याचे हेलपाटे पदरी येतात.

एम-परिवहन ॲपवर वाहन क्रमांक टाकला असता नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची आणि पीयूसीची मुदत समजते. चोरीस गेलेल्या वाहनांची नोंद तपासण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ ही सोय आहे. मूळ नोंदणीपत्राऐवजी दुय्यम प्रत दाखवली जात असेल तर मूळ प्रतीचे काय झाले, हे विचारणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे. ती खरोखर हरवलेली असू शकते. कर्ज देणाऱ्याच्या तिजोरीतही असू शकते.

पहिला अतिचार मात्र अधिक सूक्ष्म आहे. गाडी घेतल्यावर ‘बिल नको, स्वस्तात द्या’ म्हणून रस्त्याकडेच्या दुकानातून म्युझिक सिस्टिम, चाके किंवा आरसे घेणारा गिऱ्हाईक चोराला अप्रत्यक्ष मजुरीच देत असतो. सायलेन्सरच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा भाग प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या मौल्यवान धातूंमुळे चोरांना हवासा वाटतो. गाडी उचलून तो जागेवर आहे ना, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. आणि तो नसल्यास नवा घेताना पावतीसहच घ्यावा.

राज्याचे नियम

जुन्या गाडीच्या व्यवहारात सर्वाधिक हेळसांड होते ती कागदांची. पैसे दिले, किल्ली घेतली, सही केलेले कोरे फॉर्म डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकले आणि ‘सवडीने नावावर करू’ म्हणून वर्ष लोटले, असे प्रकार गावोगावी दिसतात. कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५० व्या कलमानुसार, एकाच राज्यातील विक्री असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ घेऊन तो बोजा नोंदणीपत्रावरून उतरवावा लागतो. कर्ज फेडले पण नोंद तशीच राहिली, अशा गाड्या कमी नाहीत.

या चालढकलीची किंमत विकणाऱ्याला कशी मोजावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निर्णयातून स्पष्ट होते. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती. नोंदणीपत्रावर मात्र पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. अपघात झाला, गाडीला विमा नव्हता, आणि भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकाचेच, असे न्यायालयाने ठरवले. गाडी ज्याने कधीच विकून टाकली होती, त्याच्याच घरावर भरपाईचा बोजा आला. म्हणून विकणाऱ्याने ‘गेली ती गाडी’ असे म्हणून निर्धास्त राहू नये. हस्तांतरणाची नोंद झाल्याची खात्री करून मगच त्या गाडीचा विषय मनातून काढावा.

घेणाऱ्याचे नुकसान वेगळ्या वाटेने होते. अधिनियमाच्या १५७ व्या कलमाप्रमाणे विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तो केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत गाडीची नसून माणसाची असते. ती जुन्या मालकाबरोबर जाते, हे हप्त्याचा हिशोब करताना विसरू नये.

आपला प्रदेश सीमेवरचा असल्यामुळे आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. निपाणी, चिक्कोडी, बेळगाव येथील गाडी कोल्हापूर-सांगलीकडे, किंवा इकडची तिकडे, सहज विकली जाते. पण परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल तर नवीन नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र लागते आणि या राज्याचा करही भरावा लागतो. सौद्यात वाचलेले पैसे या करात निघून जातात आणि मग जुन्याच क्रमांकावर गाडी चालवत राहण्याचा मोह होतो. तोच विरुद्धराज्यातिक्रम.

खाजगी गाडीची मूळ नोंदणी १५ वर्षांसाठी असते; पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यामुळे चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तरी वर्षभरात येणारा हा खर्च किमतीत मिळवून पाहावा. दंडाची थकीत ई-चलने आधी भरून घ्यावीत. २०१९ च्या १ एप्रिलपूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, ते पाहावे. नंतर बसवलेला सी.एन.जी. संच असेल तर त्याची नोंद नोंदणीपत्रावर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची दाबचाचणी झालेली हवी. नोंद नसलेला संच हा नियमभंग तर आहेच. शिवाय आपण आपल्या लेकरांना त्या सिलिंडरच्या पुढ्यातच बसवत असतो.

मापातील खोट

धान्याच्या पेढीवर वजनात खोट करणाऱ्याला आपण पापी म्हणतो. मोटारीचे माप म्हणजे तिचा किलोमीटरचा काटा. नव्वद हजार चाललेली गाडी चाळीस हजारांची दाखवणे हे पूर्वी काट्याच्या चक्रांशी खेळून होत असे. आता संगणकीय यंत्र जोडून होते. काटा खोटे बोलला तरी गाडीचे इतर अवयव सहसा खोटे बोलत नाहीत. ब्रेक आणि क्लचच्या पायट्यांवरील रबर गुळगुळीत झाले आहे का, स्टिअरिंगवरचे कातडी दाणे पुसले गेले आहेत का, चालकाच्या आसनाची बाहेरची कड फाटली आहे का, हे पाहावे. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पंचवीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला चारही टायर तिच्या जन्मानंतर चार वर्षांनी बनलेले असतील तर काट्याला प्रश्न विचारलाच पाहिजे.

याहून भक्कम पुरावा म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी किलोमीटर लिहिले जातात. विकणाऱ्याने स्वतः चौकशी करून त्या नोंदी दाखवाव्यात, अशी नम्र पण ठाम विनंती करावी. प्रामाणिक माणसाला तिचा राग येत नाही.

वरून एक, आतून दुसरे

पाचवा अतिचार, प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्याच्या रूपात खोटे देणे. आपल्या भागात त्याचे सर्वांत घातक रूप म्हणजे पुरात बुडालेली गाडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूर परिसर वेढला, तेव्हा घरांबरोबर मोटारीही पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन, वाळवून, आसनांना नवी कव्हरे चढवून दूरच्या तालुक्यात विकली गेली तर घेणाऱ्याला पहिल्या महिन्यात काहीच कळत नाही. पुढे विजेच्या तारांचे सांधे गंजतात, दिवे अवेळी विझतात आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते.

पाण्याच्या खुणा शोधता येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहिलेली असते. पायाखालचा गालिचा उचलून पत्र्याला हात लावावा. आसनांच्या खालच्या रुळांवर गंज, दिव्यांच्या काचेआड ओल, स्टेपनीच्या खळग्यात बारीक गाळ, काचा बंद ठेवल्यावर येणारा कुबट वास, यांपैकी एक खूण दिसली तर दुसरी शोधावी आणि दोन दिसल्या तर सौदा सोडावा.

अपघाताचेही तसेच आहे. सकाळच्या उन्हात, कोरड्या गाडीच्या बाजूला उकिडवे बसून पत्र्यावरून तिरकी नजर टाकावी. रंगाच्या छटेतील फरक, दारांमधील कमी-जास्त फटी, बॉनेटच्या आत नव्याने झालेले वेल्डिंग यांवरून डेंटिंग-पेंटिंगचा इतिहास उलगडतो. दाराला पडलेला साधा पोचा काढलेला असणे हा दोष नव्हे. पुढचा सांगाडाच वाकून सरळ केलेला असेल तर मात्र ती गाडी पुढच्या धडकेत माणसाला वाचवू शकत नाही.

इंजिन पाहायचे ते थंड असताना. विकणाऱ्याने आपण येण्याआधीच ते गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसला, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याचा संभव असतो. चढावर क्लच घसरतो का, मोकळ्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, खडबडीत वाटेवर खालून ठकठक आवाज येतो का, हे स्वतः चालवूनच कळते. आणि हे सारे जमत नसेल तर आपल्या विश्वासातील मेकॅनिकला दिवसाची मजुरी देऊन बरोबर न्यावे. त्या मजुरीची काटकसर करणे परवडत नाही.

जिवाचे मोल

स्वस्तात स्वस्त गाडी शोधताना एका ठिकाणी हात आखडू नये. १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत ए.बी.एस. ब्रेक आणि १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग बंधनकारक झाली. म्हणून वीस-तीस हजार रुपयांच्या फरकाने त्यानंतर बनलेली गाडी मिळत असेल तर तीच घ्यावी. अहिंसेचा विचार आपल्या घरातील माणसांपासूनही सुरू होतो. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे. ते मुक्या जनावरांच्या पाठीवरील ओझ्याबद्दल असले तरी पाच आसनांच्या छोट्या गाडीत आठ जण कोंबून यात्रेला निघणाऱ्यांनी त्या शब्दावर थोडा विचार करावा.

हिशोबही स्पष्ट ठेवावा. समजा घरात दोन लाख रुपये शिल्लक आहेत. मग गाडी दीड लाखाची पाहावी. उरलेल्या पन्नास हजारांत हस्तांतरण, विमा, टायर, बॅटरी आणि पहिली पूर्ण सर्व्हिस बसवावी. सगळीच पुंजी किमतीत ओतली की टायर बदलणे लांबणीवर पडते, आणि गुळगुळीत टायर पहिल्या पावसातच घात करतात. विसार देताना पावती घ्यावी. पूर्ण रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी आणि करारपत्रावर खरी किंमत, तारीख आणि गाडी ताब्यात दिल्याची वेळही लिहावी. त्या वेळेनंतरच्या अपघाताची अथवा दंडाची जबाबदारी कोणाची, हे त्यामुळे दोघांनाही स्पष्ट राहते. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याचे अधिकारपत्र पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी अधिकाऱ्याकडून असे अधिकारपत्र घ्यावे लागते.

आपली पाळी येते तेव्हा

इथवरचा विचार घेणाऱ्याच्या बाजूने झाला. परंतु आज जो घेणारा आहे तोच चार-पाच वर्षांनी विकणारा होणार आहे, आणि व्रताची खरी परीक्षा तेव्हाच असते. फसवले जाऊ नये म्हणून आपण चासीच्या अक्षरांपर्यंत सारे तपासतो. मात्र स्वतःची गाडी विकताना ‘त्याने विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही’ ही सबब फार सोयीची वाटते. एजंट सल्ला देतो, मेकॅनिक मान डोलावतो, शेजारी म्हणतो, सगळेच असे करतात. न विचारलेला दोष लपवला तर कायद्याच्या कचाट्यात आपण सापडूही नये. पण घेणाऱ्याच्या घरातून निघून गेलेले पैसे त्याने जाणून-बुजून दिलेले नसतात. न दिलेले घेणे, म्हणजे अदत्तादान, याची व्याख्या आपल्याला लहानपणी पाठशाळेत शिकवलेली आहे.

व्यवहारात उतरवायला सोपी अशी एक रीत सुचवावीशी वाटते. गाडी विकायची ठरली की एका कागदावर तिचे दोष स्वतःच्या हाताने लिहावेत: डाव्या दाराचे रंगकाम अमुक साली झाले, क्लच आणखी वर्षभर चालेल, ए.सी.चा गॅस उन्हाळ्यात भरावा लागतो, पुराचे पाणी लागलेले नाही, अथवा लागलेले आहे. खाली सही करून तो कागद चावीबरोबर घेणाऱ्याच्या हाती द्यावा. किंमत कदाचित काही हजारांनी कमी येईल. पण घेणाराही असाच एखादा शिक्षक किंवा शेतकरी असेल, त्याच्याही घरी दवाखान्यात न्यायचे आईवडील असतील, आणि आपल्या गाडीच्या ब्रेकवर त्यांचा जीव अवलंबून असेल. त्या कागदापायी कमी झालेले काही हजार हा तोटा समजू नये. जे आपले नव्हतेच ते आपण घेतले नाही, एवढाच त्याचा अर्थ.